वाचक विचारतात : यीस्ट साखर नेमकी कुठे कापतं?

गेल्या अंकात पावाच्या यीस्टबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांवर पत्रं आली. कुणी बेकिंग करणारं, कुणी कॉलेजातलं, कुणी गुऱ्हाळवाले. प्रश्न वेगवेगळे, पण बहुतेकांचं मूळ एकाच एन्झाइमशी जाऊन पोचतं, ते म्हणजे साखर कापणारं इन्व्हर्टेज. माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीच्या लॅबमध्ये झाली, त्यामुळे ही मंडळी ओळखीची. निवडक पत्रं घेते.

प्रश्न : ताई, मी घरी पाव आणि गोड बन करते. पावाच्या मैद्यात साखर घातली नाही तरी पीठ फुगतं, उशिरा का होईना. चमचाभर घातली की भराभर वर येतं. म्हणून बनच्या पिठात सढळ हाताने साखर घातली, तर ते तासन् तास ढिम्म! यीस्ट साखर खातं ना? मग जास्त दिल्यावर जास्त फुगायला नको का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : साखर खातं हे खरं, पण आपल्या डब्यातली साखर ते आहे तशी फारशी आत घेत नाही. ही साखर म्हणजे सुक्रोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. यीस्टच्या पेशीभोवती एक पातळ पटल असतं आणि त्याच्या बाहेर जाड भिंत. इन्व्हर्टेज बसलेलं असतं ते या पटलाच्या बाहेर, भिंतीच्या आतल्या फटीत. सुक्रोज तिथवर पोचलं की पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो, जोडी सुटते आणि मग सुटे ग्लुकोज-फ्रुक्टोज आत जातात. कापाकापी बाहेर, जेवण आत.

म्हणजे तुम्ही पिठात साखर घातली तरी ती साखर म्हणून फार वेळ राहतच नाही. पीठ मळून ओट्यावर झाकून ठेवता, तोवर बरीचशी कापूनही झालेली असते. यीस्ट आधी ग्लुकोज उचलतं, फ्रुक्टोज मागे रेंगाळतं.

आता गोड बनचं दुखणं. साखरेचं पाणी दाट असलं की ते पेशीतलं पाणी बाहेर ओढतं, आणि हा ओढा ठरतो विरघळलेल्या रेणूंच्या संख्येवर. सुक्रोजच्या एका रेणूचे दोन झाले की साखर तेवढीच, ओढा मात्र दुप्पट. यीस्ट स्वतःच्याच चपळाईने स्वतःची कोंडी करतं! अशा वेळी ते पाणी धरून ठेवण्यासाठी आत ग्लिसरॉल साठवू लागतं. ते होईपर्यंत फुगवण्याचं काम मागे पडतं. म्हणूनच गोड पिठासाठी जे वेगळं यीस्ट मिळतं, त्याच्या जाती निवडताना इन्व्हर्टेज कमी असलेल्या निवडतात. साखर हळूहळू कापली गेली तर पेशीला सावरायला वेळ मिळतो. ऐकायला उलटं वाटतं, पण बेकरीवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

बिनसाखरेच्या पिठाची गोष्ट निराळी. मैद्यात स्वतःची साखर अगदी थोडी असते. मात्र दळताना जो स्टार्च भरडला जातो, त्यावर पिठातलीच अमायलेज नावाची एन्झाइमं काम करतात आणि माल्टोज नावाची साखर तयार होते. माल्टोजच्या बाबतीत यीस्टची रीत बदलते. ते अख्खंच्या अख्खं आत ओढून घेतात आणि आत माल्टेज नावाचं दुसरं एन्झाइम त्याचे दोन ग्लुकोज करतं. आत ओढणारं प्रथिन आणि कापणारं माल्टेज, दोन्ही आधी तयार व्हावी लागतात, आणि भोवती ग्लुकोज असेल तोवर यीस्ट त्या भानगडीत पडत नाही. तुमचं बिनसाखरेचं पीठ उशिरा फुगतं ते या तयारीमुळे. चमचाभर साखर घातलेलं पीठ भराभर फुगून मध्येच जरा सुस्तावतं, तेही याचमुळे : हातची संपली, माल्टोजची सोय अजून व्हायची आहे.

करायचं काय? मैद्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर साखर जाणार असेल तर निम्मा मैदा, पाणी आणि सगळं यीस्ट एवढंच आधी कालवून फुगू द्या. चिमूटभर साखर चालेल. उरलेला मैदा, साखर, लोणी नंतर. यीस्टही नेहमीपेक्षा थोडं जास्त घ्या. आणि एक, यीस्ट भिजवायचं पाणी बोट सहज बुडवता येईल इतपतच कोमट हवं. गंमत अशी की 55 अंश सेल्सिअसला यीस्ट मरायला लागतं, पण त्याचं इन्व्हर्टेज तिथे जोमात असतं. मेलेल्या यीस्टच्या वाटीतही साखर कापली जात राहते, फक्त फेस येत नाही. फेस हीच जिवंतपणाची खूण.

जाता जाता एक सांगते, बेकिंगला उपयोग शून्य. बाहेर कापण्याची ही पद्धत यीस्टला महागात पडते. 2009 साली एमआयटीच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की कापलेल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजपैकी जेमतेम एक टक्का त्या पेशीच्या वाट्याला येतो, बाकीचं पाण्यात पसरून शेजाऱ्यांच्या तोंडी जातं. मग त्यांनी इन्व्हर्टेज बनवू न शकणारं यीस्ट त्याच भांड्यात सोडलं. आयत्या बिळावर नागोबा! ते मजेत वाढलं. पण नागोबांची संख्या फार झाली की कापणारेच कमी पडतात, साखर सुटत नाही, आणि ज्या थोड्या पेशी कापतात त्यांना तो एक टक्काही सोन्याचा वाटतो. शेवटी दोघंही टिकून राहतात, कुणीच कुणाला पुरतं हुसकावत नाही.

प्रश्न : मॅडम, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. यीस्टमधून इन्व्हर्टेज काढण्याचं प्रॅक्टिकल आहे. साखर ‘इन्व्हर्ट’ होते म्हणजे नेमकं काय उलटं होतं? आणि विकरांच्या गतीचा धडा आला की पुस्तकात हेच एन्झाइम का असतं?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तुझ्या कॉलेजात पोलरीमीटर असेल तर आधी तो बघून ये. पिवळ्या सोडियम दिव्याचा एका पातळीत आणलेला प्रकाश लांब नळीतल्या द्रावणातून जातो आणि किती अंशांनी वळला ते पलीकडे मोजायचं. सुक्रोज त्याला उजवीकडे वळवतं. त्याचं ठरलेलं मूल्य अधिक 66.5 अंश. इन्व्हर्टेज घातलं की काटा शून्याकडे सरकू लागतो, शून्य ओलांडतो आणि डावीकडे उणे 20 च्या आसपास थांबतो. ग्लुकोज उजवीकडेच वळवतं, अधिक 52.7, पण फ्रुक्टोज डावीकडे उणे 92 च्या जोराने ओढतं आणि जिंकतं. उलटते ती ही दिशा.

तुझ्या गावाजवळच्या कुठल्याही कारखान्यात ‘पोल’ म्हणतात तो याच यंत्रावरचा आकडा. रस लेड ॲसिटेट घालून स्वच्छ करायचा, गाळायचा, नळीत भरायचा. मळी मात्र या यंत्राला फसवते, कारण तिच्यात आधीच उलटलेली साखर असते आणि ती आकडा खाली ओढते. म्हणून मळीचं मोजमाप दोनदा घेतात, एकदा आहे तशी, एकदा सगळं सुक्रोज फोडून. फोडायला ॲसिड चालतं, इन्व्हर्टेजही चालतं. मला इन्व्हर्टेजच बरं वाटायचं, ॲसिड नको तिथेही हात घालतं.

आता पुस्तकातलं स्थान. 1860 मध्ये मार्सेलिन बर्थेलो यांनी यीस्टच्या अर्कात अल्कोहोल घालून हा पदार्थ साक्याच्या रूपात वेगळा केला आणि दाखवलं की साखर कापायला जिवंत पेशी लागत नाही. त्या काळात हे पचणं कठीण होतं. पुढे संशोधकांना हे एन्झाइम आवडायचं कारण सरळ आहे : यीस्ट दारूच्या कारखान्यांत ढिगाने मिळायचं, साखर शुद्ध आणि स्वस्त, आणि मोजायला पोलरीमीटर. द्रावणाला हात न लावता नुसतं डोळा लावून बसायचं.

पण त्या बघण्यातच एक मेख होती. सुक्रोजमधून जो ग्लुकोज नुकताच सुटतो, तो एका विशिष्ट रूपात असतो आणि त्याचं वळण असतं अधिक 112 अंश. मग तो सावकाश रूप पालटत 52.7 वर येतो. म्हणजे एन्झाइमचं काम झालं तरी आकडा सरकतच राहतो, आणि तू जे मोजतेस ते एन्झाइमची गती आणि ग्लुकोजचं रूप पालटणं यांची खिचडी असते. व्हिक्टर हेन्री यांनी 1903 मध्ये एन्झाइमच्या गतीचं समीकरण जवळपास बरोबर मांडलं होतं, पण ही खिचडी त्यांना निवडता आली नाही, आणि द्रावणाची आम्लताही त्यांनी बांधून ठेवली नव्हती. 1913 मध्ये बर्लिनमध्ये लिओनोर मिखाएलिस आणि मॉड मेंटेन यांनी दोन्ही गोष्टी केल्या. ॲसिटेट बफर घालून आम्लता स्थिर ठेवली. ठरावीक वेळेला नमुना काढून त्यात अल्कली घातली. अल्कलीने एन्झाइम जागीच थांबतं आणि ग्लुकोजचं रूप पालटणंही झटक्यात पुरं होतं. मग निवांत मोजा. शिवाय त्यांनी फक्त सुरुवातीची गती धरली, म्हणजे तयार झालेल्या साखरेचा अडथळा मध्ये यायच्या आधीची. तुझ्या पुस्तकातला मिखाएलिस-मेंटेनचा आलेख तो हाच, यीस्टच्या इन्व्हर्टेजचा. मेंटेन बाई कॅनडाच्या, टोरांटोहून 1911 मध्ये डॉक्टर झालेल्या. परीक्षेत लिहायला नाव एकच मिळून ‘मिखाएलिसमेंटेन’ झालं आहे. दोन माणसं आहेत आणि त्यातली एक बाई आहे, एवढं लक्षात ठेव.

प्रॅक्टिकलबद्दल. यीस्ट वाळू घालून खलात घोटायला सांगतील. घोट. पण एक साधी चाचणी त्याआधी करून बघ : न घोटलेलं, दोनदा पाण्याने धुतलेलं यीस्ट साखरेच्या पाण्यात थोडा वेळ ठेव, मग गाळून घे आणि त्या गाळलेल्या पाण्याची बेनेडिक्ट चाचणी कर. विटकरी साका येईल, ती सुट्या ग्लुकोज-फ्रुक्टोजची खूण. पेशी फोडलीच नाही तरी साखर कापली गेली, कारण कापणारं बाहेर आहे. नुसत्या साखरेच्या पाण्याची आणि उकळलेल्या यीस्टची नळी शेजारी ठेवायला विसरू नकोस. त्या निळ्याच राहायला हव्यात. आत थोडं इन्व्हर्टेज असतंही, एसयूसी2 या एकाच जनुकापासून बाहेरचं आणि आतलं असं दोन्ही बनतं. बाहेरच्याला मॅनोज साखरेच्या साखळ्या चिकटलेल्या असतात, इतक्या की त्याचं निम्मं वजन त्यांचंच. अर्क काढताना ते टिकून राहतं त्याला या साखळ्यांची मदत होते. व्हायवात विचारलं तर हे सांग, परीक्षक खूश होतील.

प्रश्न : आमचं गुऱ्हाळ आहे. ऊस तोडून दोन-तीन दिवस पडला की गूळ नीट बसत नाही, ढेप पावसाळ्यात पाझरते. कोणी म्हणतं हवेतलं यीस्ट रसात शिरतं. खरं का?
– एक गुऱ्हाळमालक, करवीर तालुका

उत्तर : यीस्टवर आळ घेऊ नका, निदान पहिला तरी. उसाचं स्वतःचं इन्व्हर्टेज असतं. ऊस उभा असतो तोवर पानं साखर करत असतात आणि ती कांड्यांत साठते. कोयता बसला की आवक बंद, पण कांडं जिवंतच असतं आणि साठ्यातली साखर फोडून वापरू लागतं. उन्हात हे जास्त वेगाने होतं, जळालेल्या उसात त्याहून वेगाने. त्यात कापलेल्या तोंडातून जिवाणू शिरतात. ल्यूकोनोस्टॉक म्हणून जो आहे तो साखरेचं डेक्स्ट्रान करतो आणि रस बुळबुळीत होतो. यीस्टही येतंच, पण त्याचा धुमाकूळ रस काढून ठेवल्यावर जास्त.

फुटलेली साखर कणीदार होत नाही, उलट इतर साखरेलाही कणी धरू देत नाही. फ्रुक्टोजला तर हवेतल्या ओलाव्याची भारी हाव. म्हणून ढेप नरम आणि पावसाळ्यात पाझरते. तुम्ही रसात चुना घालता तो रसातली घाण वर आणायला, बरोबर. पण त्याने आंबटपणाही मोडतो, आणि आंबट रस उकळला की कुठल्याही एन्झाइमशिवाय साखर फुटते. काकवी करणारे नेमकं उलट करतात, किंचित सायट्रिक ॲसिड टाकून थोडी साखर मुद्दाम फोडतात, म्हणजे बाटलीत तळाला खडे धरत नाहीत. तेव्हा उपाय जुनाच : तोडलेला ऊस त्याच दिवशी चरकात, निदान सावलीत आणि वर पाचट टाकून. शिळा ऊस गळ्यात पडलाच तर त्याची काकवी करा, ढेपेचा हट्ट नको.

आमच्या कारखान्यात याच गोष्टीवरून दोन खात्यांत कायम टोलेबाजी. ऊस शिळा आला की साखर खात्याचं तोंड उतरायचं, कारण फुटलेली साखर पोत्यात जात नाही. ती जाते मळीत. आणि मळी येते डिस्टिलरीत, जिथे यीस्ट उरलेलं सुक्रोज तसंही फोडणारच असतं. आम्हाला आयतं फोडून मिळालं तर आमची तक्रार नाही. फुटताना पाणी जोडलं जातं म्हणून 95 किलो सुक्रोजचे 100 किलो होतात. आमचा सगळा हिशेब त्या शंभरावर, टीआरएसवर, म्हणजे फोडल्यानंतरच्या एकूण सुट्या साखरेवर. त्या शंभर किलोतून कागदावर 51 किलो अल्कोहोल. प्रत्यक्षात यीस्टचं स्वतःचं पोट आणि ग्लिसरॉल यांचं वजा जातं.

प्रश्न : परदेशी चॉकलेटच्या आत पातळ पाक असतो. चॉकलेट चढवताना तो सांडत कसा नाही? आणि वेष्टनावर ‘इन्व्हर्टेज’ लिहिलंय, ते शाकाहारी आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : चढवताना तो पातळ नसतोच. साखरेचा घट्ट, मऊ गोळा म्हणजे फॉन्डंट, त्यात यीस्टपासून काढलेलं इन्व्हर्टेज चिमूटभर, त्यावर चॉकलेटचं कवच. मग आठवडा-दोन आठवडे ठेवून द्यायचं. आत बसल्या जागी साखर फुटत जाते आणि फॉन्डंटचा पाक होतो. घरी करायचं असेल तर फॉन्डंट कोमट झाल्यावरच एन्झाइम घाला. उकळत्यात घातलंत तर पैसे पाण्यात. यीस्ट बुरशीच्या घराण्यातलं आहे, प्राणी नाही. उपासाला चालतं का ते तुमच्या आजींना विचारा.

प्रश्न : राजमा खाल्ला की पोट धरतं. यीस्ट साखर तोडतं तर राजमा यीस्टच्या पाण्यात भिजवला तर?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : अर्धवट काम होईल. राजम्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. रॅफिनोज म्हणजे सुक्रोजलाच आणखी एक गॅलॅक्टोज चिकटलेलं. आपल्याकडे ते गॅलॅक्टोज तोडणारं एन्झाइम नाही, म्हणून ते न पचता मोठ्या आतड्यात जातं आणि तिथले जिवाणू त्यावर गॅस करतात. इन्व्हर्टेज रॅफिनोजचं फक्त फ्रुक्टोजचं टोक कापतं; उरतं ते मेलिबायोज, म्हणजे तुमची अडचण तशीच. ते तोडायला अल्फा-गॅलॅक्टोसायडेज लागतं. लागर बिअरच्या यीस्टकडे ते असतं, पावाच्या यीस्टकडे सहसा नसतं. प्रयोगशाळेत या दोघांना ओळखायची ती एक जुनी चाचणीच आहे. औषधाच्या दुकानात गॅसवर जी एन्झाइमची गोळी मिळते तिच्यातलं गॅलॅक्टोसायडेज ॲस्परजिलस बुरशीचं असतं.

त्यापेक्षा रात्रभर भिजवून ते पाणी फेका आणि ताज्या पाण्यात शिजवा, रॅफिनोज बरंचसं पाण्यातच उतरतं. मोड आणले तर आणखी चांगलं, कारण रुजताना दाणा स्वतःचंच गॅलॅक्टोसायडेज काढून ही साखर संपवतो; मोडाची मटकी पोटाला सोसते ती यामुळेच. फक्त मटकीसारखा राजमा कच्चा तोंडात टाकू नका. त्यातलं लेक्टिन नावाचं बाधणारं प्रथिन मोड आल्यावरही पुरतं जात नाही. चांगला खदखदून उकळा, नाहीतर कुकरला लावा.